दादाच्या आंघोळीची खुर्ची

मी आंघोळीची खुर्ची बोलतेय. लाजू नका. माझ्यावर बसणारा माणूस हुद्दा, रुबाब आणि इस्त्री दाराबाहेर ठेवूनच आत येतो, त्यामुळे मला कुणाचं दडपण येत नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यातला. पांढरं प्लास्टिक, बसायच्या जागी भोकं, धरायला दोन हात, चारही पायांना रबरी बूट. औषधांच्या दुकानात कुबड्यांच्या शेजारी मी आठ महिने उभी होते. गिऱ्हाईक यायचं, मला दाबून बघायचं आणि "एवढी काही वेळ आलेली नाही" म्हणत निघून जायचं. मग एक दिवस एक बाई आली. तिने मला दाबलं नाही. चप्पल काढून, डोळे मिटून ती सरळ माझ्यावर बसली. दुकानदार बघतच राहिला. मला ती तेव्हाच आवडली. तिला मी तिच्या थोरल्या भावासाठी हवी होते.

हा भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा. आई होती तोवर आईजवळ राहिला. आई गेल्यावर बहिणीने खटपट करून त्याला एका इमारतीत खोली मिळवून दिली. तिथे अशी सहा छोटी घरं आहेत. प्रत्येकाला स्वतःचं दार, स्वतःची किल्ली, आणि एकट्याला जमत नाही तेवढ्या कामापुरता केअरटेकर. याला चहा करता येतो. चादरीची घडी तर तो अशी घालतो की चारही कोपरे जुळल्याशिवाय हातातून सोडत नाही. ओल्या फरशीवर मात्र त्याचे पाय डगमगतात, म्हणून मी. बहीण त्याला दादा म्हणते, तेव्हा सगळेच दादा म्हणू लागले. त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले काकासुद्धा.

काका म्हणजे त्याचे पहिले केअरटेकर. ते पाण्याचा मग भरून हातात धरायचे आणि थांबायचे. "आता खांद्यावर." मग पाणी. "आता डोक्यावर. डोळे मिटा." मग पाणी. दादाला अचानक अंगावर आलेलं काहीही सोसत नाही. त्यात त्याचं बोलणं सावकाश. "पाणी ठीक आहे का?" असं विचारलं की "ठीक" यायला अर्धी बादली भरते. काका तेवढं थांबायचे. आंघोळीला पाऊण तास लागायचा आणि शेवटी काकाही नखशिखांत भिजलेले असायचे. चार वर्षं हे असंच चाललं. मला वाटायचं, आंघोळ म्हणतात ती हीच.

काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी नव्या केअरटेकरला किल्ल्यांचा जुडगा दाखवला, गोळ्यांचा डबा दाखवला, भिंतीवरचा तक्ता समजावून दिला. आंघोळ झाली की तक्त्यात बरोबरची खूण करायची. पाणी ओतण्याआधी दादाला सांगायचं, हे मात्र ते बोललेच नाहीत. त्यांनी काही लपवलं नाही. हे सांगण्यासारखं काम आहे, असं त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

नवा माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्याच्यावर दात धराल. एका सकाळीत सहा घरं, एका घराला वीस मिनिटं. हात चलाख, पाणी कोमट, टॉवेल स्वच्छ. पहिल्या दिवशी त्याने मग भरला आणि ओतला. दादा दचकला, त्याने माझे हात घट्ट आवळले. "गार लागलं का?" त्याने विचारलं खरं, पण उत्तर यायच्या आत दुसरा मग ओतला. तिसऱ्या वेळी दादाने हात झटकला. हातातला मग उडून नव्याच्या ओठावर बसला. त्याने रक्त पुसलं, उरलेली आंघोळ मुकाट्याने आटोपली आणि तक्त्यावर लिहिलं, 'आंघोळीच्या वेळी मारतो.'

दुसऱ्या दिवशी दोघेही एकमेकांना बिचकतच आत आले. चौथ्या दिवसापासून दादा यायचाच बंद झाला. तक्त्यावर 'नकार' लिहिलं गेलं, मग खाली रोज नुसतंच 'वरीलप्रमाणे'. ओल्या फडक्याने अंग पुसायचं, ते बाहेर, पलंगावर. माझ्यावर धुण्याच्या पावडरीचा डबा येऊन बसला. दादाला काय हवंय ते मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवसांत मला फार वाईट वाटलं.

सहा आठवड्यांनी इमारतीच्या कार्यालयातून बहिणीला पत्र गेलं. दादाला इथे ठेवणं धोक्याचं आहे, त्याला मोठ्या संस्थेत हलवावं. मोठी संस्था म्हणजे एका दालनात तीस खाटा आणि दाराला बाहेरून कडी. बहीण तडक आली. इमारतीच्या पर्यवेक्षक मॅडम तक्त्यांची चळत घेऊन बसल्या होत्या.

"कागद नका दाखवू मला," ती म्हणाली. "आंघोळ दाखवा."

मॅडमनी दादाला विचारलं, "आम्ही दारात उभे राहिलो तर चालेल का?"

"चालेल हो त्याला," बहीण म्हणाली.

ती हात धरून घेऊन आली, म्हणून दादा आला. अर्ध्या चड्डीवर माझ्यावर बसला. नव्याने मग उचलला, तशी बहिणीने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "व्हा बाजूला. माया लागते याला. मी दाखवते." आणि तिने भरलेला मग थेट त्याच्या डोक्यावर ओतला, त्यांची आई लहानपणी दोघांच्या डोक्यावर ओतायची तसा.

दादाने तिचं मनगट पकडलं. एवढं घट्ट, की ती कळवळली.

नव्याला हसायची संधी होती. तो हसला नाही. त्याने नळ बंद केला. कुणाला काही सुचेना, म्हणून सगळे गप्प उभे राहिले, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदाच दादाला बोलायला पुरेसा वेळ मिळाला.

"आधी सांग ना गं," तो म्हणाला. "मग ओत."

बहीण ओल्या फरशीवरच बसली. "मी कधी सांगितलंच नाही रे तुला," ती म्हणाली. मग मनगट चोळत म्हणाली, "पत्राचंही नाही सांगितलं."

"कुठलं पत्र?"

"तुला इथून दुसरीकडे न्यायचं म्हणतायत. तिथे खूप माणसं असतील. तुझी वेगळी खोली नसेल." तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तुला जायचंय का?"

नव्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तो हात पाठीमागे नेला. मॅडमनी पेन टोपणात घातलं. दादाच्या केसांतलं पाणी माझ्या भोकांतून खाली ठिबकत होतं.

"नाही जायचं," दादा म्हणाला. "ही माझी खोली आहे."

इतक्या बैठका, इतके कागद झाले, आणि हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. मॅडमनी पत्रातला निर्णय तीन महिन्यांसाठी थांबवला आणि सकाळच्या कामाला आणखी एक माणूस दिला. तीन महिन्यांनी बैठक झाली ती दादाच्याच खोलीत, आणि चहाही त्यानेच केला. मॅडमनी ते पत्र फाडलं.

नवा आता सगळं सांगून करतो. सवय अशी जडलीय की "आता मी शिंकतोय" हेही सांगून टाकतो. इतर पाच घरांतही तो सांगू लागलाय म्हणे. तिथे कुणी कधी तक्रार केली नव्हती. का केली नव्हती, हे आता त्यालाच उमगत नाही.

माझं म्हणाल तर मागच्या एका पायाला तडा गेलाय. नवी खुर्ची येऊन दाराशी उभी आहे, अजून वेष्टनातच. मला त्याचं दुःख नाही. प्लास्टिकच्या मानाने मी पुष्कळ जगले. तुमच्या घरात कुणाला आंघोळ घालावी लागत असेल, तर पाण्याचा मग भरल्यावर क्षणभर हातात धरा आणि तोंडाने सांगा, एवढंच माझं मागणं.

परवा नव्याने दादाला विचारलं, "दादा, ही मोडकी खुर्ची नेऊ का?" उत्तर अजून आलेलं नाही. तोवर मी इथेच आहे.