खुर्चीवरचा पाहुणा

मंडळाच्या गणेशोत्सवातलं मुलांचं नाटुकलं मुक्तानं लिहिलं ते आपल्या तान्ह्या श्रेयसला मांडीवर थोपटत, तो झोपेल तेवढ्या वेळात. परग्रहावरचा पाहुणा आपल्याच शहरातल्या नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरतो आणि मुलं त्याला घरी घेऊन येतात, एवढीच गोष्ट. पाहुणा कसा दिसतो, हे तिनं मुद्दामच लिहिलं नव्हतं.

तालमीला येऊन पाहते तो नाटक बसवणाऱ्या श्रीपादकाकांनी फ्रीगंजच्या बाजारातून भाड्याचा ड्रेस आणून ठेवलेला. हिरवा, भलंमोठं डोकं, काळेभोर तिरके डोळे, वर दोन स्प्रिंगा.

"काका, हा नको हो. माझा पाहुणा असा नाहीये."

"मग कसा आहे? तू पाहिलायस?"

"नाही. तुम्ही?"

"टीव्हीवर किती वेळा. अगं बेटा, पब्लिकला लगेच समजलं पाहिजे ना. नाहीतर म्हणतील, ये कौन आया, शर्माजी का लड़का?"

सगळे हसले. मुक्तालाही हसू आलं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"उद्या तुझा दाखव," काका म्हणाले. "पटला तर हा परत करतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रेयसचा डोळा लागला तशी ती कागद घेऊन बसली. पहिल्याच रेघेला मोठं डोकं आलं. खोडलं. डोकं नकोच म्हणून वाळत घातलेल्या भैरवगढच्या छापील चादरीसारखी नुसती एक लाट काढली, तर डोळे काढल्याशिवाय हात थांबेना. डोळे आले की तो सिनेमातलाच. लहानपणापासून पडद्यावर पाहिलेलं सगळं हातातच जाऊन बसलं होतं. मग काकांना कुठल्या तोंडानं बोलायचं? तिनं कागदाचा बोळा केला. तेवढ्यात श्रेयस उठला.

संध्याकाळी ती तशीच तालमीला गेली आणि एक खुर्ची ओढून मधोमध ठेवली. "पाहुणा इथे बसलाय. दिसत नाही."

"वा, एलियनच गायब," काका म्हणाले. "चला, करून तर बघा."

मुलांमधली सुलू पुढे आली आणि पार छताकडे मान वर करून म्हणाली, "पाणी घेणार?" रुचिरनं वाकून खुर्चीच्या पायाशी वाटी सरकवली. धाकटी जयू तर लांबून वळसा घालून गेली, कुणाचा तरी पसारा ओलांडावा तशी.

"अरे, सगळ्यांनी एकाच जागी बघा. कितना ऊँचा है, कुछ तो तय करो."

"नका सांगू त्यांना." मुक्ताचा आवाज चढलाच. "ज्याला जसा दिसतो तसा दिसू दे."

काकांना पटलं नव्हतं. तरी ते ड्रेसची घडी घालायला लागले.

"ठीक आहे. पब्लिकला मग तूच समजाव."