दोरीवरचं हवामान

"पुन्हा बसली ही बया पलंगावर! मानसानं आता निजायचं कुठं, ब्यागंत?"

सटवाजी हे भिंतीकडे तोंड करून पुटपुटले. पण खोली दहा बाय बाराची, त्यामुळे भिंतीला सांगितलेलं आधी सिंधुताईंनाच ऐकू गेलं. बया म्हणजे ती निळी, चाकांची, आकड्यांच्या कुलपाची मोठी बॅग. वर्षभरात माळ्यावरून चौथ्यांदा खाली आली होती.

"अठ्ठावीस वर्षं लातूर-नांदेड गाडी चालवली. डेपोतल्या बाकड्यावर झोप लागायची की तुमाला," सिंधुताई म्हणाल्या. "चार रोज तिच्या पल्याड निजा. चौदा तारखेला जातीच हाय ती."

"जाती तर जाती," सटवाजी म्हणाले आणि पुढचं गिळलं. हल्ली ते बरंच काही गिळायचे.

सिंधुताई लातुरात ट्यूशनच्या पोरींची मेस चालवायच्या. चाळीस पोरी, दोन वेळचं जेवण. रविवारी संध्याकाळी सुट्टी. एकुलता एक सत्यम तीन वर्षांपूर्वी स्पेनमधल्या मालागा नावाच्या समुद्रकाठच्या गावी नोकरीला गेला, तो गेलाच. सिंधुताईंनी समुद्र पाहिलेला नव्हता आणि त्याची त्यांना फारशी ओढही नव्हती. पोराच्या डोक्यावरून एकदा हात फिरवायचा होता, बस. फोनमध्ये डोकं दिसतं, पण हात काचेला लागतो.

अडचण एकच होती. त्या गावाला वर्षाचे तीनशे दिवस ऊन असतं म्हणे, आणि तरीही सिंधुताईंना जाण्याजोगा महिना काही सापडत नव्हता.

पहिल्यांदा ठरलं नोव्हेंबरात. सत्यम म्हणाला, "आई, नोव्हेंबरात इथे पावसाची झोड असते. तुला बाहेर पडता येणार नाही." मग फेब्रुवारी. "दिवसा सतरा, रात्री आठ. घरांत शेगडी नसते इथे, फरशी बर्फासारखी." मग जून. "जून नको गं. गरम वारा सुटतो जमिनीकडून. एकतीसवर जातं, असह्य होतं."

हे त्यानं सांगितलं तेव्हा मे महिना होता, लातुरात बेचाळीस होतं आणि सिंधुताई तव्यापुढे उभ्या राहून शंभरावी पोळी टाकत होत्या. एकतीस असह्य कसं असतं ते त्यांनी मनाशी घोळवून पाहिलं. काही केल्या जमलं नाही. "असंल बाबा, तिकडचं ऊन येगळं असंल," म्हणत त्यांनी पोळी उलटली.

काय काय आणायचं याचा कागद फ्रिजला चिकटवलेला होता. काळ्या शाईत: जाड स्वेटर, छत्री. निळ्या शाईत: छत्री नको, वाऱ्यानं उलटते, रेनकोट. हिरव्या शाईत: स्वेटर नको, सुती कपडे, टोपी, बंद बूट. आणि आता लाल शाईत: पातळ स्वेटर, एकावर एक घालता येतील असे कपडे. मेसच्या पोरी पाणी प्यायला आल्या की तो वाचायच्या आणि म्हणायच्या, "काकू, तुम्ही एका गावाला चाललात की चार?" काकूंनाही ते नक्की माहीत नव्हतं. मोबाईलमध्ये लातूर आणि मालागा अशी दोन्ही हवामानं लावून ठेवली होती, पण आकड्यांवर भरवसा ठेवावा तर अठरा डिग्रीला इथं माणसं कानटोपी घालून शेकोटीपाशी बसतात, आणि तिथं अठराला लोक बनियनवर पळताना दिसतात.

म्हणून सिंधुताईंनी केव्हाच आपली युक्ती काढली होती. सत्यम गॅलरीत उभा राहून बोलायचा, आणि त्याच्या मागं कपडे वाळत घालायची दोरी होती. कपडे नुसते लोंबत असले तर ऊन. फडफडत असले तर वारं. दोरी मोकळी असली तर पाऊस. चाळीस पोरींचे टॉवेल गच्चीवर वाळताना बघून ही विद्या आली होती, आणि ती मोबाईलपेक्षा खरी निघायची.

दोरीनं हवामान सांगितलं आणि त्याबरोबर बाकीचंही. गेल्या थंडीत तिच्यावर बाईचा एक पिवळा झगा दिसू लागला. सत्यमनं फोन झटकन वळवला, पण झगा दिसला तो दिसला. आणि यंदा श्रावणापासून झग्याच्या शेजारी चिमट्याला लटकलेले दोन मोजे. बोटाएवढे.

सिंधुताईंनी पाहिले. सटवाजींनीही पाहिले. फोन ठेवल्यावर सटवाजी म्हणाले, "शेजारच्याचे असतील. दोरी सामाईक असंल."

"व्हय. असंल," सिंधुताई म्हणाल्या. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आज रविवार होता. कहकशां आली. ती समोरच्या गल्लीतली शिवणकाम करणारी, सिंधुताईंची वीस वर्षांची मैत्रीण. हातात बिनबाह्यांचं जाकीट होतं, सिंधुताईंच्या जुन्या इरकलीचं, आत कापूस भरून टीप मारलेलं.

"घालून बघा, भाभी. थंडी लागली तर घाला, गरम झालं तर काढून उशाला घ्या. तुमच्या लेकाचं गाव काय बी सांगू दे, याच्यात सगळं येतं."

जाकीट अंगाला नेमकं बसलं. कहकशांनं पिशवीतून इरकलीचा उरलेला तुकडा काढला, मांडीवर पसरला, बोटांनी सारखा केला.

"कपडा उरला भाभी. लई मऊ हाय. फेकायचं जिवावर येतं. काय शिवू याचं?"

गेल्या रविवारी कहकशां इथंच बसली होती आणि दोरी तिलाही दिसली होती. शिवणारीची नजर, मोजे बघून लेकराचे महिने सांगेल अशी. तिनं सिंधुताईंकडे बघितलं. सिंधुताई फ्रिजवरच्या कागदातली लाल शाई वाचू लागल्या.

"राहू दे आत्ता," त्या म्हणाल्या.

साडेचारला फोन वाजला. सत्यम गॅलरीत. दाढी वाढलेली, डोळे झोप न झाल्यासारखे.

"आई, जेवलीस? बाबा कसे आहेत?"

"हे काय, ब्यागंला टेकून बसलेत. तू वाळून गेलास रे."

"नाही गं. ऐक ना, आई." तो थांबला, खाली बघितलं. "तिकिटाचं बोलायचं होतं. इथे यंदा ऑक्टोबर विचित्र आहे. एकदम ढगफुटीसारखा पाऊस येतो, वारा तर विचारू नकोस. तू यायचं आणि नुसतं घरात बसायचं... मार्चमध्ये बघूया? मार्च खरंच छान असतो."

सटवाजींनी बॅगेचं कुलूप उगाच फिरवलं. कट्, कट्, कट्. कहकशां खिडकीबाहेर बघू लागली आणि कुणाला तरी सांगावं तसं म्हणाली, "हवा लई हाय वाटतं तिकडं."

सिंधुताईंनी चष्मा सारखा केला आणि फोन जवळ धरला. दोरी भरलेली होती. पिवळा झगा, सत्यमचे दोन शर्ट, एक चौकोनी दुपटं. शेवटी मोजे. सगळे कपडे सरळ लोंबत होते. ऊन लख्ख होतं. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

"सत्यम, तिथं पाऊस हाय का आज?"

"आज नाही. पण येईल ना. सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई," सिंधुताई हळूच म्हणाल्या. "व्हय. ते दिसून राहिलंय मला."

कुठूनतरी, फोनच्या पलीकडून, खूप बारीक असं काहीतरी कुरकुरलं. सत्यमची मान झटकन आतल्या खोलीकडे वळली आणि तितक्याच झटकन परत आली. फोनही वळू लागला. दोरी चौकटीबाहेर सरकत चालली.

"ते... खाली रस्त्यावर मांजर आहे," तो म्हणाला.

"शेजारच्यांचं असंल," सटवाजी म्हणाले. मग त्यांनी बॅगेवरचा हात काढून घेतला.

सिंधुताईंनी कहकशांच्या मांडीवरचा इरकलीचा तुकडा उचलला. तो फोनसमोर धरला, अगदी जवळ, म्हणजे काठ दिसावा.

"सत्या, फोन वळवू नकोस. हे बघ, माझ्या इरकलीतलं उरलंय. कहकशांमावशी विचारून राहिली, याचं काय शिवू. मी चौदाला निघणार हाय. पाऊस असंल तर घरात बसंन, घरातच बसायला येऊन राहिले मी." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता, मेसमध्ये पोरीला आणखी एक पोळी घे म्हणतात तसाच होता. "लेकरू कुणाचं का असंना, वारं सगळ्यांलाच लागतं. आत जा, आन् त्याच्या आईला विचारून मला डोक्याचं माप सांग. कुंची शिवायची हाय."