उतारावरची वीस पानं

“दुसऱ्यांचे निबंध लिहून देऊ नकोस शिखा. एक दिवस स्वतःचं लिहायला बसशील आणि हात चालायचा नाही.” दहावीला रंजनाबाई मला म्हणाल्या होत्या. मी हसले. माझं अक्षर वळणदार, अर्धा वर्ग वही घेऊन माझ्यापुढे उभा. बाईंचं कोण ऐकतंय!

झालं मात्र तसंच. लग्न करून शहाद्याला आले, कॉलेज सुटलं, मयंक झाला. आता लोणखेड्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पुन्हा नाव घातलं, तर माझं लिहिणं म्हणजे गाइड उघडायचं आणि उतरवायचं. मयंक आठ महिन्यांचा. दर दहा मिनिटांनी उठून त्याच्या नाकाखाली बोट धरायचं, श्वास लागला की परत खुर्चीत. अशा बाईला गाइडच बरं.

डिसेंबरात रिनाचा फोन आला. रिना माझ्या बाकावरची, धडगावकडच्या एका पाड्यातली. तिच्या आईचा हात मोडला होता. ऊसतोडीला जोडीनेच जावं लागतं, म्हणून आईच्या जागी तीच वडिलांबरोबर गुजरातेत बारडोलीकडे गेली होती.

“ताई, ‘माझं गाव’ प्रकल्प तू लिहून दे ना. वीस पानं. तोंडीला मी येते.”

प्रकल्प आणि तोंडी परीक्षा चुकली तर तिचं वर्ष जाणार. आणि वर्ष गेलं तर पुन्हा कॉलेज नाही, असं तिच्या वडिलांनी, रेवजीभाऊंनी, निघतानाच सांगून टाकलं होतं. मी हो म्हटलं. सवयच ती.

दुसऱ्या दिवशी, भाकरीच्या वेळेला ती फोन उचलायची तेव्हा, मी पहिला परिच्छेद वाचून दाखवला. “सातपुड्याच्या कुशीत, निसर्गाच्या सान्निध्यात वसलेलं माझं गाव...”

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत होती.

“ताई, हे कुणाचं गाव?”

“तुझंच की.”

“आमच्या गावाला कूसबीस नाही, उतार आहे. अंगणात मक्याची कणसं वाळत घातली तर खालून दगड लावावे लागतात. नाहीतर जातात शेजारच्या पाड्यात.”

“शेजारचा पाडा किती लांब?”

“हाक पोचली तर जवळ. वारा उलटा असला तर लांब.”

मी पेन उचललं. हे कुठल्या गाइडात असणार?

मग मी विचारतच सुटले. घरात कुणी नसताना कुलूप कुठलं लावता? कुलूप कशाला, दाराला फांदी आडवी टाकली की झालं, कुणी आत जात नाही. आणि गेलं तर?

“गेलं तर ती बकरी,” रिना म्हणाली.

आमच्या घरात मारवाडी बोलतात, खालच्या दुकानात अहिराणी. माझ्या सासूबाई, हुलासबाई, टोमणा मात्र अहिराणीतच मारतात, म्हणजे तो शेजारणींनाही कळतो. “पोऱ्या रडी ऱ्हायना, नि तू फोनवर बकऱ्या मोजी ऱ्हायनी का?”

एका दुपारी मान वर केली तर सहा पानं झाली होती. घड्याळ पाहिलं. पाऊण तास मी मयंककडे गेलेच नव्हते! धावत गेले. साहेब जागे होते आणि प्रकल्पाचं मुखपृष्ठ चघळत होते. त्याच्या तोंडातून कागद काढताना मला हसू आवरेना. शाळेत असताना लिहून उठल्यावर असं हलकं वाटायचं, ते मी पार विसरून गेले होते.

फेब्रुवारीत सगळी वीस पानं रिनाला वाचून दाखवली. शाबासकी मिळेल या आशेनं थांबले.

“आवडलं नाही?”

“आवडलं. पण ताई, हे सगळं मीच सांगितलं ना?”

“हो.”

“मग हे मला लिहिता आलं असतं.”

खरं सांगायचं तर रागच आला. इतके दिवस खपले होते.

“हे जमा करू नको,” ती म्हणाली. “इथे दुकानात वही मिळते. मी लिहीन. तुझ्या प्रकल्पाला तू तुझं शहादं लिही. तुझ्या दारासमोर काय चालतं ते तुला कुणी विचारलं नाही का?”

खरंच कुणी विचारलं नव्हतं. समोरचा चहावाला फत्तेसिंग सकाळचा पहिला चहा रस्त्यावर ओततो. मी रोज बघते. देवाधर्माचं काही असेल, असं मी लिहूनही टाकलं होतं. मग खाली उतरून विचारलंच.

“भाभी, चार वरीस व्हयनात, आज इचारी ऱ्हायन्यात का?” तो म्हणाला. “किटलीना तोंडमा रातले मुंग्या बसतस.”

देव खोडला, मुंग्या लिहिल्या. आता माझी सतरा पानं झालीत आणि एकही उतरवलेलं नाही.

रिनाची किती झालीत, ते माहीत नाही. शेवटचं बोलणं झालं तेव्हा ती अकराव्या पानावर होती, आईच्या मोडलेल्या हाताशी अडली होती. त्यानंतर नऊ दिवस तिचा फोन बंद. चार्जिंग नसेल. मुक्काम हलला असेल. मी दिवसातून सहा वेळा लावते, आणि मधल्या वेळात नको नको ते मनात येतं. कॉलेजात विचारलं, तोंडीची तारीख पुढे जाणार नाही म्हणाले.

शहाद्याहून बारडोलीकडे रोज गाड्या जातात. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलं, तर ऊसतोडीवाल्यांच्या झोपड्या दिसतील तिथे जरा थांबा. रेवजींची रिना विचारा. ती ठीक आहे ना, एवढं डोळ्यांनी बघा, आणि तिला सांगा: तोंडी परीक्षा तेवीस मार्चला, सकाळी अकराला. वही अपुरी असली तरी घेऊन ये म्हणावं.