पाण्यात ठेवलेली टाळू

"काका, तुमची बॅग थेट पुढच्या विमानात जाणार आहे. तुम्ही निवांत झोपा," असं सामानाच्या खिडकीवरची, मूळची आपल्याकडचीच मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा कवळीवाल्यांनी खिडकीची कड आणखीच घट्ट धरली. निवांत राहा म्हणणाऱ्यांवर त्यांचा जन्मात कधी विश्वास बसला नव्हता. दाढ उपटण्याआधी डॉक्टरही असंच म्हणतात.

कवळीवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. गेली बत्तीस वर्षं ते एका खोलीत बसून लोकांचे दात घडवत आले होते. डॉक्टर तोंडाची मापं घेऊन पाठवत, हे त्यावरून प्लास्टरचा साचा करत, मेणात दात बसवत, मग पक्की कवळी करून घासून पुसून परत देत. त्यावरून गल्लीने त्यांना हे नाव दिलं आणि पुढे बायकोही हाक मारताना तेच वापरू लागली. कवळी न्यायला आलेल्या प्रत्येकाला ते एकच वाक्य ऐकवत: "रात्री पाण्यात ठेवा. कोरडी पडली की बिघडली म्हणून समजा." तीन पिढ्यांना हे ऐकवून ऐकवून त्यांना स्वतःलाच त्याची सवय जडली होती, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

त्या बॅगेत त्यांच्या ताईची टाळू होती.

ताई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं, म्हणजे मुख्यतः झापलं. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की दारावर आलेला माणूस उंबरठ्यावरच उभा राही. लग्न होऊन ती लांब परदेशी गेली तरी दर रविवारी फोनवरून तासभर पट्टा चालूच. सात महिन्यांपूर्वी तिच्या वरच्या जबड्यात गाठ निघाली. ती काढताना अर्धी टाळूही गेली. तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक पडलं. घोट घेतला की नाकातून बाहेर, शब्द उच्चारला की तोही नाकातून बाहेर. ताईने बोलणंच टाकलं. फोनवर भाचा बोलायचा आणि ती शेजारी बसून चमच्याने कपावर वाजवायची. एकदा टिंग म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एवढ्या बडबड्या बाईचा संसार आता या दोन शब्दांत चालला होता, आणि रविवारचा तो फोन ठेवल्यावर कवळीवाले आधीच घासलेली कवळी पुन्हा घासायला घेत.

तिकडच्या डॉक्टरांनी ते भोक बुजवायला दोनदा खोटी टाळू करून दिली. दोन्ही टोचल्या. प्रत्येक वेळी त्या दुखऱ्या तोंडात लगदा भरून माप घ्यायचं, आणि ती रडायची. शेवटी तिने कागदावर लिहून दिलं: आता तिसरी फक्त माझ्या भावाच्या हातची. तीही बसली नाही तर विषय संपला, मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

तर असं तिसरं माप कवळीवाल्यांकडे आलं. त्यांनी तीन महिने त्यावर डोळे फोडले. चार दात, त्यांच्या मागे टाळू आणि टाळूच्या पाठीवर भोकात जाऊन बसणारा आतून पोकळ, हलका फुगवटा. कड नखाएवढी पातळ. टाळू सोडवताना साचा नेहमीप्रमाणे फुटला, तेव्हा दुसरी करायची सोय उरली नव्हती.

आता ती बॅगेत कशी गेली ते ऐका. कवळीवाल्यांनी ती डब्यात ठेवली, डबा पाण्याने काठोकाठ भरला आणि हातातल्या पिशवीत घेतला. विमानतळावर वजनाच्या काट्यावरच्या माणसाने विचारलं, "हातातल्या सामानात पाणी वगैरे?" यांनी खरं ते सांगितलं. एवढं पाणी आत नेता येणार नाही म्हणाला. पोचवायला आलेली बायको म्हणाली, "अहो, ओल्या रुमालात गुंडाळा नि खिशात टाका." हे अगदी बरोबर होतं. ते स्वतः बत्तीस वर्षं डॉक्टरांकडे कवळ्या ओल्या कापसातूनच पाठवत होते. पण मागे रांग कुरकुरत होती, समोर तो माणूस घड्याळ बघत होता, आणि बायकोने, म्हणजे बायकोने, त्यांना कवळी कशी न्यायची ते सांगितलं होतं. "मला शिकवू नकोस," म्हणून त्यांनी डबा पाण्यासकट मोठ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबला आणि बायकोने बॅगेला बांधलेली पिवळी दोरी आणखी एकदा आवळली.

आणि आता विमान बदलायच्या या अधल्यामधल्या गावी बर्फ पडत होतं. पुढचं विमान रद्द होऊन उद्या सकाळी सहावर गेलं होतं. भिंतीवरच्या फळ्यावर बाहेरचं तापमान दिसत होतं, शून्याखाली अठरा. हॉटेलच्या बसकडे जाताना कवळीवाल्यांनी सहज काचेतून खाली पाहिलं. सामानाच्या गाड्या उघड्यावर एका ओळीत उभ्या होत्या. शेड भरल्या होत्या म्हणे. तिसऱ्या गाडीवर, अगदी कडेला, पिवळी दोरी.

काठोकाठ भरलेला डबा. पाणी गोठलं की फुगतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. कवळीवाले काचेला नाक लावून तिथेच उभे राहिले. बस निघून गेली आणि ते या खिडकीशी आले.

"ती बॅग आत आणा," ते म्हणाले.

"काढली तर मग ती थेट जाणार नाही," मुलगी म्हणाली. "पहाटे तुम्हालाच रांगेत उभं राहून परत द्यावी लागेल. आज सगळ्यांचीच विमानं अडकलीत, रांग कुठवर जाईल देव जाणे. विमान चुकलं तर पुढचं परवा."

"चुकू दे."

तिने फॉर्म पुढे ओढला. "बॅगेत मौल्यवान काय आहे?"

"टाळू."

"काय?"

"माझ्या बहिणीची टाळू. डब्यात आहे. पाण्यात."

मुलीने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जराशी मागे सरकवली. मग कवळीवाल्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, कवळी म्हणजे काय इथपासून. ऐकता ऐकता तिने पेन पुन्हा उचललं. "वैद्यकीय वस्तू" असं लिहून ती फोनवर कोणाशी तरी बराच वेळ भांडली. "दोन तास लागतील, काका. सामानाच्या चार नंबरच्या पट्ट्याजवळ बसा."

पट्टा बंद होता. कवळीवाले त्याच्या काठावर टेकले, उठले, पुन्हा टेकले. पट्टा हलला असं त्यांना दोनदा वाटलं. तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"मामा, विमान रद्द झालं ना? आई काळजी करतेय. शेजारीच बसलीय."

"सगळं ठीक आहे म्हणावं. हॉटेलात आहे. जेवलो. तिची वस्तू माझ्यापाशीच आहे."

पलीकडे चमचा वाजला. टिंग, टिंग.

"ती नाही म्हणतेय," भाचा म्हणाला.

"कशाला नाही?"

"काय माहीत. तुमच्याकडे रोखून बघितल्यासारखं फोनकडे बघतेय."

कवळीवाल्यांनी घाईघाईने फोन ठेवला. लहानपणी खोटं बोलले की कान लाल होतात म्हणून ताई त्यांचे कान बघायची. इतक्या लांबून तिला कान कसे दिसले कोण जाणे, पण ते गरम झाले होते खरे.

दोन तासांचे तीन झाले. शेवटी पट्टा खडखडला आणि पडदा सारून एकटी बॅग बाहेर आली. पिवळी दोरी काठीसारखी ताठ झाली होती. चेन उघडताना बोटांना चटके बसले. डबा हाती आला, आणि झाकण एका बाजूने वर उचललेलं होतं.

आत पांढरा दगड. दगडात कुठेतरी गुलाबी सावली. आणि त्या सावलीतून आरपार गेलेली एक पांढरी रेघ. रेघ बर्फात होती की टाळूत, ते कळायला मार्ग नव्हता.

मुलगी खिडकी सोडून आली होती. "गरम पाण्याखाली धरू या? तिकडे नळ आहे."

"नको, नको!" कवळीवाले जवळजवळ ओरडलेच. "अशी गोठलेली असताना गरम पाणी लागलं तर उरलंसुरलंही तडकेल. हळूच विरघळली पाहिजे."

मग त्यांनी स्वेटर वर केला, डबा बनियनवर पोटाशी धरला आणि स्वेटर खाली ओढला. अंगावर सर्रकन काटा आला. मुलीने स्वतःची शाल आणून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि ती खिडकीवर परत गेली.

असं बसून राहणं सोपं नव्हतं. दर पाच मिनिटांनी डबा काढून दिव्याकडे धरावासा वाटे, आणि काढला की तो पुन्हा गार होई. पोटाची कातडी बधिर झाली. पँटवर पाणी ठिबकू लागलं, तेव्हा समोरून जाणाऱ्या एका बाईने त्यांच्याकडे पाहून मुलाला दुसऱ्या बाजूला घेतलं. त्यांना त्याची लाजही वाटली नाही. आधी त्यांनी बायकोवर चिडून पाहिलं, मग बर्फावर, मग सामान उघड्यावर टाकणाऱ्यांवर. एकही राग टिकला नाही. शेवटी स्वतःवरचा तेवढा राहिला. ओला रुमाल. एवढंच करायचं होतं. रुमाल खिशातच होता, आताही होता.

मध्यरात्र उलटून गेल्यावर बर्फाचा गोळा डब्यात हलू लागला. मग पातळ झाला. मग टाळू मोकळी होऊन तळाशी बसली. कवळीवाल्यांनी ती दोन बोटांनी उचलली आणि नेहमीच्या सवयीने आधी कानापाशी नेऊन हलवली. पोकळ फुगवटा कोरडा असला तर आवाज येत नाही.

आत पाणी वाजलं.

फुगवट्याला बारीक चीर होती. ती बुजवता आली असती. पण चीर पुढे कडेपर्यंत गेली होती आणि तिथला नखाएवढा तुकडा डब्याच्या तळाशी वेगळा पडला होता. तोही चिकटवता आला असता, पण चिकटवलेल्या जागी कंगोरा उभा राहतो. त्या तोंडात सुईच्या टोकाएवढंही टोचून चालणार नव्हतं. नवं माप घेतल्याशिवाय नवी टाळू होणार नव्हती, आणि नवं माप ताई देणार नव्हती. कवळीवाल्यांनी तुकडा रुमालात ठेवला, टाळू ठेवली, रुमाल ओला केला आणि गुंडाळून खिशात टाकला. मग ते रडले. तोंडावर शाल धरून, पण चांगलेच रडले.

ताईकडे तेव्हा अजून संध्याकाळच असणार. त्यांनी स्वतःच फोन लावला.

"आईला दे. नुसता तिच्या कानाला लाव." मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. पाणी, काटा, बायको, रुमाल, बाहेरचा कप्पा, बर्फ, चीर. मघाशी खोटं बोललो तेही सांगितलं. "ताई, तुझी टाळू मी मोडली."

पलीकडे काही वाजलं नाही. एकदा नाही, दोनदाही नाही.

मग एक विचित्र आवाज आला. नाकातून निसटणारा, फुटका, शब्दाचा आकारच नसलेला. तो थांबला, पुन्हा आला, आणि मग थांबेचना. वर चढे, खाली येई, मध्येच दम घेई आणि दुप्पट जोराने सुटे. कवळीवाले ताठ बसले. हे त्यांनी पन्नास वर्षं ऐकलं होतं. कुठे "मूर्खा" येतं, कुठे "लहानपणापासून असाच", कुठे "ती बिचारी सांगत होती तर ऐकायला काय झालं होतं", सगळं जागच्या जागी होतं. सात महिन्यांनी ताई त्यांना झापत होती.

"मामा," भाच्याचा घाबरलेला आवाज आला, "आई बोलतेय! काय म्हणतेय पण? मला एक अक्षर कळत नाहीये."

"मला सगळं कळतंय," कवळीवाले म्हणाले. "मध्ये बोलू नकोस."

पट्टा चालू राहिला आणि हळूहळू दमला. शेवटी नुसता श्वास ऐकू येत होता. कवळीवाल्यांनी नाक पुसलं. विचारायची हिंमत होत नव्हती, पण आता विचारलं नसतं तर पुन्हा कधीच विचारवलं नसतं.

"ताई, या वेळी माप मी घेईन. माझ्या हाताने. दुखलं तर तिथेच थांबेन. घेऊ देशील?"

पलीकडे कप सरकला. मग कपावर चमचा वाजला.

टिंग.

कवळीवाल्यांनी फोन कानात रुतेपर्यंत दाबला आणि श्वास रोखून दुसऱ्या आवाजाची वाट पाहत राहिले.

"मामा," भाचा म्हणाला, "तिने चमचा खाली ठेवला."