पंडितनं टाकी बदलली

माझी फियाट चाळीस वर्षांची आणि मी बहात्तरचा. दोघांपैकी गळत होती ती गाडी, एवढं तरी नशीब.

पारोळ्यातलं कापडाचं दुकान मी बंद केलं, त्याच वर्षी माझी बायको सज्जनबाई गेली. मुलगा अखिल पुण्याला. तो रविवारी फोन करतो आणि "पप्पा, ती गाडी विकून टाका ना" हे पालुपद लावतो. मी "बघू" म्हणतो. गाडी विकली तर मंगळवारी जायचं कुठे, हे त्याला काय सांगणार?

मंगळवारी मी पंडित मिस्तरीकडे जायचो. त्याचं गॅरेज धुळे रस्त्याला. पेट्रोलच्या टाकीला खालून गंज लागून बारीक भोक पडलं होतं. पंडित गाडीखाली आडवा व्हायचा, कपड्याच्या साबणाची वडी ओली करून भोकावर रगडायचा, की गळणं बंद. आठवडाभरात साबण सुटायचा आणि मी पुन्हा दारात हजर. काम पाच मिनिटांचं, पण मी बाकावर तीन तास ठाण मांडायचो. पंडित हाताखालचं काम करता करता बोलत राहायचा. कोणाची बैलजोडी विकली गेली, कोणत्या वळणावर ट्रॅक्टर उलटला, कोणाचे व्याही रुसले. अख्ख्या आठवड्यात माझ्याशी तेवढं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर गाडी तरी दुसरीकडे कुठे जात होती?

एका मंगळवारी पंडित हसतच पुढे आला.

"शेठ, साबणवर कितला दिन चालाडशात? टाकी बठ्ठी सडी जायेल शे."

धुळ्याला एका बंद पडलेल्या दुकानात त्याला कोरी टाकी सापडली होती. माझ्यासाठी म्हणून तो तीन महिने शोधत होता. माणसाला आनंद व्हायला हवा. मी मात्र नको म्हणायला कारण शोधत होतो, आणि एकही सुचेना.

त्यानं कानावरची बिडी लांब नेऊन ठेवली, बॅटरीची वायर काढली, उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. जुनी टाकी खाली घेऊन उन्हात धरली, तर पत्र्याची चाळण झालेली. नवी टाकी बसवून त्यानं पाइपही नवा घातला. अर्धा दिवस गेला, आणि तो अर्धा दिवस फार छान गेला, हे कबूल करतो.

पुढच्या मंगळवारी मी दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार झालो आणि मग खुर्चीत बसून राहिलो. गाडीखालची फरशी कोरडी ठाक. रविवारी अखिल म्हणाला, "टाकी बदलली? मग आता गिऱ्हाईक चांगलं मिळेल." मी फोन ठेवून दिला.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी गाडी काढलीच.

"पेट्रोलचा वास येस रे, पंडित," मी म्हणालो.

तो गाडीखाली गेला, सांध्यांवरून बोट फिरवून हुंगलं. "नही येस, शेठ."

"येस. मी काय खोटं सांगतोय?"

सांगत होतो की. चाळीस वर्षं कापड विकलं मी. गिऱ्हाइकानं 'रंग जातो' म्हटलं की किती झोंबतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी मी ते पंडितला ऐकवलं, तेही चार माणसांदेखत.

 पंडितनं टाकी पुन्हा उतरवली, तोंडं बंद केली आणि पंक्चर बघायच्या हौदात दाबून धरली. एक बाजू, मग दुसरी, मग सांधे. तीन तास त्याच्या तोंडून शब्द नाही. बैल नाहीत, व्याही नाहीत. चहा आला तर माझा ग्लास बाकावर ठेवून तो पाठमोरा उभा राहून प्यायला. मला इतकं एकटं घरातही वाटलं नव्हतं. वास येत नाही रे, मला इथे बसायला बरं वाटतं, एवढंच बोलायचं होतं. ते ओठावर आलं आणि तिथेच राहिलं. शेठ म्हणवून घ्यायची सवय वाईट.

टाकी बसवून, हात धुऊन तो समोर आला. राग गेलेला होता.

"शेठ, एक बुडबुडा निंघना नही. मना हातनं काम शे. आते दहा वरीस तुमले आठे येवानं काम नही."

दहा वर्षं इथे यायची गरज नाही, अशी बिचारा मला हमी देत होता. मी "बरं" म्हणालो आणि गाडीत बसलो. निदान आता तरी ती अडेल म्हणून चावी हळूच फिरवली, तर पहिल्या फटक्यात सुरू झाली.