कुसुमबाईंची रिकामी सीट

मी विमान बोलतोय. शेकडो माणसं नेणारं मोठं विमान नव्हे; दोघांपुरतं, कापडी अंगाचं, जुनं. परभणीहून पोखर्णीला जाताना कापसाच्या रानात एक लांबट पत्र्याचं छप्पर दिसतं, त्याखाली मी असतो. रस्त्यानं जाणारे मला मळणीचं यंत्र समजतात. त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळाच आहे.

मी विलायतेत दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत जन्मलो. नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि त्यावर ताणून शिवलेलं सुती कापड. लढाई संपल्यावर हैदराबादच्या एका फ्लाइंग क्लबानं मला घेतलं. तिथं नवशिकी पोरं मला जमिनीवर आदळायची आणि नागनाथराव इंजिनियर मला पुन्हा उभं करायचे. त्या नवशिक्यांत पोखर्णीकडचे एक मोठे शेतकरी होते, भगवानराव. बांगलादेशची लढाई झाली त्याच्या पुढच्या साली क्लबानं मला विकायला काढलं, तेव्हा त्यांनी शेतात मुरूम पसरून धावपट्टी केली आणि मला घरी आणलं. नागनाथराव तोवर नोकरी सोडून पूर्णेला भावाकडे राहायला आले होते. हत्यारांची पेटी घेऊन ते एस.टी.नं यायचे.

भगवानरावांच्या पत्नी कुसुमबाई मला बघायला आल्या. लुगड्याचा पोत पाहावा तसं त्यांनी माझ्या पंखाचं कापड चिमटीत धरायला पाहिलं आणि हसल्या.

"अहो, ह्याच्यात बसून मला गंगा बघायची हाय, आपली गोदावरी. आमच्या गंगाखेडात घाटावर हुबं राहिलं की एवढंसं पाणी दिसतं. ती कुठून येती अन् कशी वळती, ते वरून बघायचंय."

"बघू की," भगवानराव म्हणाले. त्यांचं लक्ष माझ्या तबकड्यांवरच्या काट्यांकडे होतं. "पर तू बसणार म्हणल्यावर ह्याला आधी नीट करतो. असं कसं बसवू तुला?"

तिथून माझे हाल सुरू झाले.

माझा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करावं लागे. हात तुटला तर बाई घाबरतील म्हणून बटणाचा स्टार्टर आला. स्टार्टरला बॅटरी आली. रानात वीज नव्हती, म्हणून बॅटरी जीपमध्ये घालून परभणीला भरायला जाऊ लागली. मग रेडिओ आला. ऐकायला जवळपास कुणीच नव्हतं; तरी छपराखाली बसून भगवानराव "हॅलो, हॅलो" करायचे आणि खरखर ऐकून खूश व्हायचे. मग जाड फोमची रेक्झिनची सीट, पायाखाली पत्रा, मोठी टाकी, जुन्या रंगावर नवा रंग.

"भगवानराव, पंख उघडून बघू द्या मला एकदा," नागनाथराव दर खेपेला म्हणायचे. "लाकूड लय वर्षांचं हाय. अन् हे वजन किती वाढवायलाव?"

"बघू, नागनाथराव, बघू. आधी एवढा रेडिओ बसवा."

माझ्या चाकांचे रबर सैल पडले होते. पोटाखालचं कापड विटलं होतं. पंखात कुठंतरी ओल शिरली होती, ती मला रात्रंदिवस ठणकत होती. अंगात ताप असलेल्या माणसाला दागिने घालावेत तसं चाललं होतं. मला ओरडावंसं वाटे. पण इंजिन चालू केल्याशिवाय मला आवाज नाही, आणि इंजिनाच्या आवाजात माझं कोण ऐकणार?

एकदाचे सरकारी तपासनीस आले. कापसाच्या जिनिंगमधून आणलेल्या वजनकाट्यांवर माझी तिन्ही चाकं चढवली. कुसुमबाई गंगेत वरून सोडायला खण-नारळ घेऊन, पदर खोचून तयार होत्या. तपासनीसांनी हिशेब केला, पुन्हा केला, आणि चष्मा काढला.

"पायलटनं एकट्यानं उडवायचं. दुसरं माणूस बसवता येणार नाही. वजनाची मर्यादा संपली."

कुसुमबाईंना क्षणभर कळलंच नाही. मग त्या हळू म्हणाल्या, "म्हंजी, मला बसवायसाठी जे जे घातलं, त्याच्यानंच मला जागा ऱ्हायली न्हाई?"

नागनाथराव म्हणाले, "काढून टाकू सगळं. सोपं हाय."

"काढायचं कशाला?" भगवानरावांचा चेहरा लाल झाला होता. "मोठं इंजिन मागवतो बाहेरून!"

इंजिनाच्या आयात-परवान्याचा अर्ज दिल्लीला गेला. आणीबाणी आली, गेली, सरकार बदललं. इंजिन आलं नाही. भगवानराव अधूनमधून एकटेच उडत. शेजारी ती गुबगुबीत सीट रिकामी. उतरले की सरळ घराकडे चालू लागत. पुढे तेही थांबलं. रेक्झिन उंदरांनी कुरतडलं.

मग एके दिवशी सकाळी, भगवानराव मोंढ्यात कापूस विकायला गेलेले असताना, कुसुमबाई नागनाथरावांना घेऊन छपरात आल्या.

"काढा सगळं."

"मालकाला इचारलं का, बाई?"

"त्यायनी मला इचारलं व्हतं का?"

स्टार्टर निघाला. बॅटरी निघाली. कितीतरी वर्षांनी माझं अंग मोकळं होऊ लागलं. रेडिओ गोणपाटावर ठेवला तेवढ्यात जीप येऊन थांबली.

"हे काय चालवलंय?" भगवानराव ओरडले. "कुसुम, तुझ्यासाठीच केलं होतं ना हे सगळं?"

"माझ्यासाठी?" त्या वळल्या. "मग सांगा. मी काय मागितलं व्हतं?"

भगवानरावांनी तोंड उघडलं. रेडिओकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. त्यांना आठवेना. खरंच आठवेना. कुसुमबाई वाट बघत उभ्या राहिल्या, मग काही न सांगता घराकडे निघून गेल्या.

भगवानराव माझ्या चाकाशी खाली बसले. मग उठून त्यांनी पाना घेतला आणि सीटचे बोल्ट स्वतः खोलले. "नागनाथराव," ते म्हणाले, "तुमी काय म्हणत होता? पंखाचं?"

पंखाचं कापड फाडलं. आत पंखाचा सगळा भार पेलणारी मुख्य तुळई काळी पडलेली. नागनाथरावांनी बोट लावलं, तर ओल्या भाकरीसारखा तुकडा निघाला.

त्या संध्याकाळी भगवानरावांनी घरी काय विचारलं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दोघं सोबत आले. भगवानराव म्हणाले, "चल, एस.टी.नं जाऊ गंगेवर."

"एस.टी.नं मी लय खेपा जाऊन आले," कुसुमबाई म्हणाल्या. "मला वरूनच बघायची हाय. करा ह्याला नीट."

आता माझा एक पंख अंगाला आहे, दुसरा उघडा होऊन लाकडी घोडीवर पडलाय. तुळईला लागतं ते हलकं, सरळ रेषांचं, मुरलेलं लाकूड इकडं मिळत नाही. नागनाथराव शोधात आहेत. भगवानराव रोज येतात, "आणखी काय पाहिजे ह्याला?" असं विचारतात. कुसुमबाई नवं कापड शिवायला शिकतायत. नागनाथराव टाका दाखवतात, चुकला की उसवायला लावतात.

पण इतक्या उशिरा विचारलं याचा राग माझ्या मनातून जात नाही. तुमच्यापैकी कुणाला तसलं लाकूड कुठं दिसलं, तर कृपा करून घेऊन या. येताना दुसरं काही आणू नका.