मिठाच्या बादलीतला डबा

"झाकण सारखं उघडू नगंस गं, मीठ आत जातंय," आइस्क्रीम करायला शिकवणाऱ्या नागूआत्याचं सांगणं वच्छलाच्या कानात घुमत होतं. तरी तिने तिसऱ्यांदा झाकण उघडलंच.

फ्रीज बिघडलेला, म्हणून आटवलेल्या दुधाचा डबा ती बर्फ आणि खडेमिठाच्या बादलीत फिरवत होती. रामहरींच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. गार खायची मुभा आजच मिळाली होती. "तुमचा पहिला घास माझ्या हातच्या आइस्क्रीमचा," असा शब्द तिने नवऱ्याला दवाखान्यात दिला होता.

पण आज तिची कडकडीत संकष्टी. चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, मग चाखणार कसं? जीव थाऱ्यावर राहीना.

"आण की आता! देवाच्या नैवेद्यासारखं लांबूनच दावणार हाईस व्हय?" रामहरी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

तिने वाटी दिली. पहिल्याच चमच्याला त्यांचे डोळे गच्च मिटले.

"खारट झालंय का हो?"

"न्हाय गं. लई झ्याक झालंय."

पण हात दुसऱ्या चमच्याऐवजी गळ्याकडे गेला.

वच्छलाने वाटी काढून घेतली, डबा आणि बादली मोरीत रिकामी केली. मग गणपतीला हात जोडून "देवा, माफ कर, या खेपेला चाखूनच देणार," म्हणाली, दुधाची किटली उचलली आणि पायात चपला सरकवल्या.